ऐतिहासिक बाजाररस्त्यांचे पुनरुज्जीवन आणि लोकसहभाग : मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या तीन दशकांतील भारतीय नगरनियोजनाच्या लेखनात ‘लोकसहभाग’ हा शब्द सर्वत्र आढळतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाने निधीच्या बदल्यात राज्यांकडून लोकसहभागाचा कायदा मागितला. त्यानंतर नागरी योजनांचा क्वचितच एखादा अहवाल असा असेल की ज्यात या शब्दाला स्वतंत्र प्रकरण मिळालेले नाही. मात्र सहभागी होणारे ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न या अहवालांतून सहसा गृहीत धरला जातो. निवासी वस्तीच्या बाबतीत हे गृहीतक काही प्रमाणात चालून जाते, कारण तेथे राहणारे हेच तेथील लोक असतात. बाजाराच्या रस्त्याला ते लागू होत नाही. मालक एक, भाडेकरू दुसरा, गाळ्यात बसणारा तिसरा, गाळ्यासमोर पथारी टाकणारा चौथा, माल वाहणारा पाचवा आणि खरेदी करणारा सहावा अशी तेथील रचना असते. यांपैकी बहुतेक जण संध्याकाळी तेथून निघून जातात.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाची चिकित्सा प्रामुख्याने मुंबईच्या फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी मार्गाच्या आधारे केली आहे. हा मार्ग निवडण्याचे कारण असे की ऐतिहासिक व्यापारी रस्त्याच्या लोकसहभागी जतनाचा तो भारतातील सर्वांत आधीच्या आणि सर्वाधिक गौरविल्या गेलेल्या प्रयत्नांपैकी एक आहे. फसलेल्या प्रकल्पाची चिकित्सा सोपी असते. यशस्वी ठरलेल्या प्रकल्पाच्या मर्यादा तपासणे अधिक उपयोगाचे ठरते.

‘पुनरुज्जीवन’ या संज्ञेविषयी

ऐतिहासिक व्यापारी रस्त्याचे पुनरुज्जीवन ही कल्पना आपल्याकडे मुख्यतः अमेरिकेतून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील लहान शहरांचे मध्यवर्ती बाजार ओस पडू लागले. महामार्ग शहराबाहेरून गेले, त्यांच्या कडेला मोठी खरेदी-संकुले उभी राहिली आणि गावातल्या मुख्य रस्त्यावरची दुकाने एकामागून एक बंद झाली. या पार्श्वभूमीवर तेथील ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत एक प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. १९८० मध्ये त्यातून ‘मेन स्ट्रीट’ केंद्र स्थापन झाले. संघटन, प्रसिद्धी, रचना आणि आर्थिक पुनर्बांधणी ही त्याची चार सूत्रे होती. जुन्या इमारती टिकवायच्या असतील तर त्यांतला व्यापार टिकला पाहिजे, हे त्यामागील व्यवहारी शहाणपण होते. प्रत्येक गावासाठी पूर्णवेळ व्यवस्थापक नेमण्याचा त्यांचा आग्रह होता आणि या उपक्रमाच्या यशाचे श्रेय अनेकदा चार सूत्रांपेक्षा या पाचव्या गोष्टीलाच द्यावे लागते. याच काळात कॅनडातील टोरांटो येथे ब्लूअर वेस्ट व्हिलेज या भागात १९७० पासून व्यापाऱ्यांनी स्वतःवर कर बसवून घेऊन रस्ता सुधारण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढे ती अनेक देशांनी स्वीकारली.

या साऱ्या विचाराच्या मुळाशी एक चित्र आहे : रिकामी दुकाने, बंद दारे, निर्मनुष्य पदपथ. त्यात जीव भरायचा म्हणून पुनरुज्जीवन. भारतीय शहरांतील जुन्या बाजाररस्त्यांचे चित्र याच्या नेमके उलट आहे. मुंबईचा दादाभाई नौरोजी मार्ग, दिल्लीचा चांदणी चौक, पुण्याचा लक्ष्मी रस्ता यांपैकी कोणताही रस्ता मृत नाही; त्यांचे दुखणे अतिजीवनाचे आहे. तेथे माणसे, माल, वाहने, पाट्या आणि तारा यांची इतकी दाटी झाली आहे की मूळ वास्तू दिसेनाशी होते. उणिवेसाठी तयार झालेले औषध अतिरेकाला दिले तर उपचाराचा अर्थच बदलतो. अमेरिकेत पुनरुज्जीवन म्हणजे कोणाला तरी आत बोलावणे, तर आपल्याकडे ते बहुधा कोणाला तरी बाहेर काढण्याचे सभ्य नाव ठरते. संज्ञेचा हा प्रवास आपल्या नियोजनसाहित्यात फारसा तपासला गेलेला नाही.

मार्गाचा पूर्वेतिहास

क्रॉफर्ड मार्केट म्हणजेच आजच्या महात्मा फुले मंडईपासून निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा हा रस्ता पूर्वी हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाई. अठराव्या शतकातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्यावरून ते नाव पडले होते. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, फोर्टची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नव्या मुंबईची आखणी झाली. रस्त्याचे रुंदीकरण याच काळातले. पुढे १८९६ च्या नियमाने या रस्त्यावरील प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी ठेवणे बंधनकारक करण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत येथे ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या शैली भिन्न आहेत. कोणी गॉथिक, कोणी नवअभिजात, कोणी भारतीय-सारासेनिक वळणाची. त्यांना एका रांगेत बांधते ती ही ओसरीच.

या ओसरीचे महत्त्व केवळ सौंदर्याचे नाही. मुंबईच्या पावसात आणि उन्हात चालणाऱ्याला छप्पर मिळावे म्हणून खाजगी इमारतीचा काही भाग सार्वजनिक वापरासाठी सोडून देण्याची ती सक्ती होती. मालकी खाजगी आणि वापर सार्वजनिक अशी ही जागा आहे. पुढे या मार्गावर जे जे वाद झाले त्यांतील बहुतेकांचे मूळ या दुहेरी स्वरूपात सापडते. वसाहतकाळातील नियमाने दिलेली ही देणगी होती आणि स्वातंत्र्यानंतरच्या कोणत्याही नियमावलीला तिच्या तोडीचे काही रस्त्याला देता आले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

प्रकल्प आणि त्याचा गौरव

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. देशात अशी नियमावली करणारे मुंबई हे पहिले शहर. तिच्या सूचीत सहाशेहून अधिक नोंदी होत्या. दादाभाई नौरोजी मार्ग हा वारसा रस्ता म्हणून द्वितीय श्रेणीत गणला गेला. मात्र सूचीत नाव आले म्हणून रस्ता बदलत नाही. प्रत्यक्षात कमानींवर कमानींपेक्षा मोठे नामफलक लागलेले होते, दगडी कोरीवकामात खिळे ठोकलेले होते, वातानुकूलन यंत्रे दर्शनी भागावर टांगलेली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश वारसा जतन संस्थेच्या साहाय्याने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या मार्गाचे दस्तऐवजीकरण केले आणि नामफलक, दुकानांचे दर्शनी भाग व रस्त्यावरील बाके-दिवे यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. फलक कमानीच्या आत बसावा, तिचा आकार आणि तिच्यावरील कोरीवकाम झाकले जाऊ नये, हा तिचा गाभा होता.

या प्रकल्पाचे वेगळेपण अंमलबजावणीच्या पद्धतीत होते. दुकानदार, कार्यालये, महापालिकेचा ‘ए’ विभाग आणि जतनतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन काम केले. दुकानदाराशी बोलणे, त्याला नकाशा दाखविणे, शेजाऱ्याचा बदललेला फलक दाखवून त्याचे मन वळविणे अशा मार्गाने ते पुढे सरकले. पुढे ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ या नावाने मार्गावरील घटकांची संघटनाही उभी राहिली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या उपक्रमाची दखल घेतली गेली. त्याच वर्षी मार्गाच्या टोकाला असलेले टर्मिनस जागतिक वारसास्थळ ठरले. शासनाने काहीतरी बांधून द्यावे आणि नागरिकांनी ते पाहावे, या रूढ पद्धतीला छेद देणारा हा प्रयत्न होता आणि तो गौरवास निश्चितच पात्र होता.

पाटीच का?

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. इमारतींचे छत गळत होते, लाकडी तुळया कुजत होत्या, गच्च्यांवर झाडे उगवली होती. असे असताना या लोकसहभागी प्रयत्नाने मुख्यतः पाट्यांचा विषय का घ्यावा? वरवर पाहता याचे उत्तर ‘तो सर्वांत स्वस्त होता’ असे देता येईल. परंतु खरे कारण मुंबईच्या भाडेकायद्यात दडलेले आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे मालकाला मिळणारे भाडे आणि इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च यांचा मेळ उरला नाही. दुसरीकडे गाळा पागडीवर घेणाऱ्या भाडेकरूने मोठी रक्कम मोजलेली असली तरी भिंत त्याच्या मालकीची नव्हती. मालक म्हणे, भाडे परवडत नाही. भाडेकरू म्हणे, इमारत माझी नाही. परिणामी इमारतीला निर्णय घेणारा धनीच उरला नाही. या कोंडीत पाटी ही एकच वस्तू अशी होती की जिच्याबाबत दुकानदार स्वतःच्या अधिकारात आणि स्वतःच्या खर्चाने निर्णय घेऊ शकत होता. लोकसहभागाची व्याप्ती लोकांच्या इच्छेने ठरत नाही, ती त्यांच्या अधिकाराच्या सीमेने ठरते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. प्रकल्पकर्त्यांनी ही सीमा अचूक ओळखली. त्यांच्या व्यवहारचातुर्याचा तो पुरावा आहे. परंतु प्रकल्पाचा गौरव करणाऱ्यांनी मात्र या सीमेचा उल्लेख केला नाही. त्यामुळे ‘पाट्या बदलल्या म्हणजे मार्ग जतन झाला’ असा समज रूढ होण्यास वाव मिळाला.

याच सुमारास भाडेकायदाही बदलत होता, ही गोष्ट जतनविषयक लेखनात क्वचितच येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये जुन्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली, भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली आणि बँका, सार्वजनिक उपक्रम व एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या यांचे भाडेसंरक्षण काढून घेतले. फोर्टसारख्या भागाच्या दृष्टीने ही तरतूद दूरगामी होती. मोठ्या भाडेकरूला बाजारभावाने भाडे द्यावे लागणार किंवा जागा सोडावी लागणार. वांद्रे-कुर्ला संकुलात नवी, प्रशस्त कार्यालये उपलब्ध होतच होती. उरला तो छोटा दुकानदार, ज्याला संरक्षण आहे पण इमारत सावरण्याची ऐपत नाही. रस्त्याच्या भवितव्यावर पुस्तिकेपेक्षा या एका कलमाचा परिणाम अधिक खोल होणे स्वाभाविक होते. जतनाचे नियोजन आणि भाड्याचे राजकारण हे दोन स्वतंत्र विषय मानले गेल्यामुळे हा परिणाम कोणत्याही आराखड्यात मोजला गेला नाही.

अमेरिकन नगरचिंतक जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात जुन्या इमारतींचे समर्थन केले ते त्यांच्या सौंदर्यासाठी नाही. जुनी जागा स्वस्त असते म्हणून तेथे छोटा, नवखा, कमी नफ्याचा धंदा तग धरू शकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. या कसोटीवर पाहिले तर मुंबईच्या भाडेकायद्याने, त्याच्या सर्व दोषांसह, एक काम केले : महागड्या जमिनीवर छोटा व्यापार टिकवून धरला. इमारत पडकी ठेवून व्यापार जगवायचा की इमारत सुधारून व्यापार गमवायचा, हा पेच येथे आहे. लोकसहभागाच्या बैठकांत तो मांडला गेला पाहिजे होता.

पाटीच्या संदर्भात आणखी एक बाब लक्षणीय आहे. पुस्तिकेने पाटीचा आकार, जागा आणि स्वरूप यांचा विचार केला. पुढे २०२२ मध्ये राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून नामफलकावरील मजकूर देवनागरी लिपीत मराठीत आरंभी असावा आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, अशी सक्ती सर्व आस्थापनांवर केली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे एका नियमाने पाटी कमानीच्या मापात आणली आणि दुसऱ्या नियमाने त्याच मापात दोन लिप्यांची सोय करावयास लावली. या दोन नियमांत विरोध असण्याचे कारण नाही. देवनागरीची शिरोरेषा कमानीखाली उत्तम शोभून दिसू शकते आणि एखाद्या कुशल अक्षररचनाकाराला हे आव्हान आवडेल. परंतु दगडाचा विचार करणाऱ्यांनी भाषेचा आणि भाषेचा विचार करणाऱ्यांनी दगडाचा विचार केलेला नाही, हे यातून दिसते. ज्या मार्गाचे एक टोक संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी आहे, तेथे ही फारकत विशेष जाणवते.

न राहणाऱ्यांचा समुदाय

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची दिशाभूल, मधे माहिती देणे व सल्लामसलत, वर भागीदारी आणि सर्वांत वर नागरिकांचे नियंत्रण. दादाभाई नौरोजी मार्गावरील दुकानदार या शिडीवर भागीदारीपर्यंत निश्चितच पोहोचले. मात्र आर्नस्टाइन यांच्या मांडणीत एक गृहीतक आहे : शिडीवर कोण उभे राहू शकते हे आधीच ठरलेले आहे. बाजाररस्त्याची खरी अडचण शिडीच्या पायथ्याशी सुरू होते.

भारतातील नागरी प्रतिनिधित्व निवासावर आधारलेले आहे. मतदार जेथे राहतो तेथे मत देतो. फोर्टमध्ये दिवसभर दुकान चालविणारा, ओसरीत मोबाइलची आवरणे विकणारा किंवा कार्यालयात फायली हलविणारा माणूस रात्री विरार, कल्याण किंवा पनवेलच्या दिशेने जातो. त्याचा नगरसेवक तेथे असतो. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे राज्यघटना सांगते, पण या समित्याही निवासी मतदारांच्या प्रतिनिधींच्या. ज्या रस्त्यावर माणसे आयुष्याची तीस-चाळीस वर्षे काढतात त्या रस्त्याविषयी त्यांना औपचारिक मत नाही. त्यातही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात निवासी नागरिकालाही नगरसेवक नव्हता.

व्यापारी संघटना ही पोकळी काही अंशी भरून काढतात. पण संघटना गाळ्यावरून सभासद ठरविते. कॅनडा-अमेरिकेतील कराधारित व्यवस्थेवरही हाच आक्षेप घेतला जातो : ज्याची मालमत्ता मोठी त्याचा आवाज मोठा. मुंबईतील काळा घोडा परिसराने १९९९ पासून वार्षिक महोत्सवाचा मार्ग चोखाळला. त्यातून जतनाच्या कामांसाठी पैसा उभा राहिला, हे त्या उपक्रमाचे श्रेय. परंतु तो परिसर मुख्यतः संग्रहालये, कलादालने आणि शिक्षणसंस्थांचा आहे. रोजच्या किरकोळ विक्रीच्या रस्त्याला तो नमुना जसाच्या तसा लागू करणे योग्य नाही.

‘वारसा’ : एक शब्द, दोन कायदे

या मार्गावरील सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न फेरीवाल्यांचा आहे. जतनाच्या लेखनात त्यांचा उल्लेख सहसा ‘अतिक्रमण’ या सदरात, तारा आणि वातानुकूलन यंत्रे यांच्या शेजारी, येतो. ओसरी चालण्यासाठी आहे आणि तेथे चालता येत नाही, ही पादचाऱ्याची तक्रार खरीच आहे. वृद्ध माणसाला ओसरी सोडून भर रहदारीत उतरावे लागते, याचे समर्थन कोणत्याही सिद्धांताने होऊ शकत नाही. पण या तक्रारीचे निवारण कोणत्या कायद्याने करायचे, हा प्रश्न २०१४ नंतर बदललेला आहे.

२०१४ च्या पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायद्याने नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद केली. त्यांत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, हेही त्यात आले. वर चर्चिलेल्या निवासाधारित प्रतिनिधित्वाच्या संदर्भात या तरतुदीचे मोल मोठे आहे. माणूस जेथे राहतो तेथे नव्हे, तर जेथे काम करतो तेथे त्याला मत देणारी भारतीय शहरांतील ही जवळजवळ एकमेव वैधानिक रचना आहे. लोकसहभागी नियोजनाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फेरीवाल्यांचा स्वतंत्र प्रश्न म्हणून पाहिले आणि आपल्या विषयाबाहेर ठेवले.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक वाक्य आहे ज्याकडे जतनक्षेत्राचे जवळपास पूर्ण दुर्लक्ष झाले. पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालत आलेले नैसर्गिक बाजार हे ‘वारसा बाजार’ म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांना स्थलांतरित करू नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे १९९५ च्या नियमावलीने कमानीला वारसा म्हटले आणि २०१४ च्या कायद्याने कमानीखालच्या विक्रीलाही, ती पुरेशी जुनी असेल तर, वारसा म्हणण्याची वाट मोकळी केली. एकच शब्द दोन कायद्यांत आला. पण एकाची समिती वास्तुविशारदांची आणि दुसऱ्याची विक्रेत्यांची, एकाचे मोजमाप शैली व बांधकामवर्ष आणि दुसऱ्याचे सातत्य. या दोन समित्या एका टेबलाशी बसाव्यात अशी तरतूद कोठेही नाही. हुतात्मा चौकाच्या आसपास अनेक दशके पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्यांचे उदाहरण येथे पुरेसे बोलके आहे. मुंबईतील वाचकांच्या पिढ्या त्यांनी घडविल्या, महापालिकेच्या कारवायाही त्यांनी सोसल्या. त्यांच्या बाजाराला ना शिखर ना कमान. वास्तूच्या सूचीत त्यांची नोंद होण्याचा मार्गच नाही.

याचा अर्थ ओसरी विक्रेत्यांना देऊन टाकावी असा नाही. चालण्याची रुंदी, विक्रीची रुंदी, वेळ, मालाची साठवण आणि दुकानाचे दार या पाच गोष्टींचा हिशेब फूट-इंचात मांडता येतो. तो मांडण्यासाठी पादचारी, दुकानदार आणि विक्रेता हे तिघे एकाच बैठकीत असावे लागतात. दादाभाई नौरोजी मार्गावर वाखाणली गेलेली बैठक ही त्यांपैकी मुख्यतः एकाची होती.

चांदणी चौक व अन्य उदाहरणे

दुसऱ्या टोकाचे उदाहरण दिल्लीचे. १६५० च्या सुमारास जहाँआरा बेगमने वसविलेल्या चांदणी चौकातील लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता शासकीय पुढाकाराने नव्याने बांधण्यात आला. काम डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झाले. तारा जमिनीखाली गेल्या, लाल ग्रॅनाइट आला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंदी झाली. मुंबईत जे वीस वर्षांत झाले नाही ते येथे तीन वर्षांत झाले, हे मान्य करावेच लागेल. परंतु मोकळा झालेला रस्ता कोणाचा, हा वाद लगेच उभा राहिला. फेरीवाल्यांना हटवावे म्हणून व्यापारी उच्च न्यायालयात गेले. जो प्रश्न आराखड्याच्या वेळी बैठकीत सुटायला हवा होता तो उद्घाटनानंतर न्यायालयात गेला. घाऊक बाजाराचा माल वाहणारे हमाल आणि हातगाडीवाले यांची सोय ही तर आपल्या कोणत्याही ‘पादचारी रस्त्या’च्या चित्रात दिसत नाही. त्या चित्रांत माणसे नेहमी रिकाम्या हातांनी चालत असतात.

मुंबईतीलच भेंडी बाजारात २००९ पासून वेगळा मार्ग स्वीकारला गेला. सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास इमारती पाडून तेथील रहिवासी व दुकानदारांना नव्या मनोऱ्यांत त्याच जागी आणण्याचा तो प्रकल्प. एकसंध समाज आणि त्याचा विश्वस्त निधी हे त्याचे बळ. जुन्या बाजाराचा पोत मात्र त्यात टिकण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्यात महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. एक दिवस रस्ता मोकळा ठेवण्याचा हा प्रयोग लहान वाटला तरी त्यात एक गुण आहे : कागदावरील आराखड्याऐवजी प्रत्यक्ष अनुभवावर दुकानदाराला आणि तुळशीबागेतील छोट्या विक्रेत्याला मत बनविता येते. कायमस्वरूपी ग्रॅनाइट बसविण्यापूर्वी अशा दिवसांची संख्या वाढविणे केव्हाही श्रेयस्कर.

देखभालीचा प्रश्न

लोकसहभागाने उभी राहिलेली व्यवस्था टिकविण्यासाठी कोणीतरी पगारी माणूस लागतो, हा ‘मेन स्ट्रीट’चा धडा आपल्याकडे दुर्लक्षिला गेला. महापालिकेच्या विभाग कार्यालयातील सहायक आयुक्ताची बदली होते आणि नव्या अधिकाऱ्याला पुस्तिका ठाऊक असतेच असे नाही. गाळा दुसऱ्याकडे जातो, नवा भाडेकरू नवी पाटी लावतो. प्रत्येक वेळी समजावण्याचे काम पहिल्यापासून करावे लागते आणि ते करणारी स्वयंसेवी मंडळी वयाने वाढत जातात.

दरम्यान रस्त्याखाली मोठे बदल झाले. मेट्रो-३ च्या भुयारी कामाच्या काळात, २०१७ मध्ये, या मार्गावरील जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या दर्शनी भागाचा दगड निखळला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोनच वर्षांपूर्वी याच वास्तूच्या जतनकार्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. पाटीच्या मापाविषयी मार्गावरील घटकांना विचारले गेले. मार्गाखालून जाणाऱ्या भुयाराविषयी एका संस्थेला न्यायालयात जाऊन आपले म्हणणे मांडावे लागले. ज्या दादाभाईंनी देशाची संपत्ती कोणत्या वाटेने बाहेर जाते याचा आकडेवार हिशेब मांडला, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर निर्णय कोणत्या वाटेने होतात याचा असा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या मार्गिकेचा शेवटचा टप्पा सुरू झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक या दोन्ही ठिकाणी आता भुयारी स्थानके आहेत, म्हणजे कमानींच्या रांगेला दोन्ही टोकांनी नवे पादचारी मिळणार. त्यांच्यासाठी ओसरीत किती फूट जागा सोडावी, त्यांच्या येण्याने वाढणाऱ्या गाळ्यांच्या किमतीत छोट्या भाडेकरूचे काय व्हावे आणि त्यांना छत्री, चार्जर किंवा जुने पुस्तक विकणाऱ्याने कोठे बसावे, हे तिन्ही विषय तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या कक्षेत येतात. त्या तिघांची एकत्रित बैठक बोलाविण्याचा अधिकार यांपैकी एकाही कार्यालयाला दिलेला नाही.